आधी अंक, मग नाव, इलेक्ट्रॉन शेवटी : रेडॉक्स अभिक्रिया सोडवण्याचा योग्य क्रम

परळच्या आमच्या शिकवणीत अकरावी-बारावीची मुलं येतात. त्यातली बरीचशी मराठी माध्यमातून दहावी झालेली. रेडॉक्सची, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात अशा अभिक्रियांची, पहिली चाचणी घेतली की दरवर्षी तीच चूक समोर येते. प्रश्न असतो, ‘या अभिक्रियेत ऑक्सिडक कोण?’, म्हणजे दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन कोण घेतं? मूल समीकरणावरून नजर फिरवतं, ऑक्सिजन कुठे दिसतोय ते शोधतं, तिथे बोट ठेवतं आणि मग त्या उत्तराला साजेसं कारण जुळवत बसतं. उत्तर कधी बरोबर येतं, कधी चुकतं. दोन्ही वेळा ते का आलं हे त्याला सांगता येत नाही.

इथे क्रम उलटा झालेला असतो. आधी प्रत्येक अणूचा ऑक्सिडीकरण अंक लिहायचा, मग कोणाचा बदलला ते पाहायचं. ऑक्सिडक, क्षपणक ही नावं त्यानंतरच द्यायची, आणि इलेक्ट्रॉन अगदी शेवटी मोजायचे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, एकही गाळू नका.

टप्पा १ : शब्द आणि चिन्हं पक्की करा

दहावीत ‘क्षपण’ शिकलेलं मूल अकरावीत ‘रिडक्शन’ वाचतं आणि त्याला वाटतं, हा नवीन धडा. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा. ऑक्सिडीकरण म्हणजेच ऑक्सिडेशन. क्षपण म्हणजेच रिडक्शन. ऑक्सिडक म्हणजे ऑक्सिडायझिंग एजंट, क्षपणक म्हणजे रिड्यूसिंग एजंट. ऑक्सिडीकरण अंक म्हणजे ऑक्सिडेशन नंबर : बंधातले इलेक्ट्रॉन ते जास्त ओढणाऱ्या अणूला पूर्ण देऊन टाकले असं मानलं, तर अणूवर जो प्रभार येईल तो.

दहावीची व्याख्या आठवा : ऑक्सिजन मिळणं किंवा हायड्रोजन जाणं हे ऑक्सिडीकरण, उलट झालं तर क्षपण. ही व्याख्या खोटी नाही, पण अपुरी आहे. झिंक आणि कॉपर सल्फेटच्या अभिक्रियेत ऑक्सिजन कोणाकडून कोणाकडे जातच नाही, तरी ती रेडॉक्स आहे. म्हणून कामाची व्याख्या इलेक्ट्रॉनची : गमावले ते ऑक्सिडीकरण, कमावले ते क्षपण.

इथे एक शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. ‘रिडक्शन म्हणजे घट, मग इलेक्ट्रॉन वाढतात कसे?’ घट इलेक्ट्रॉनची नसते, अंकाची असते. इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो. तीन अधिक असलेल्या आयनाला एक इलेक्ट्रॉन मिळाला की तो दोन अधिक होतो. इलेक्ट्रॉन वाढला, अंक घटला. हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतराची गरज उरत नाही.

चिन्हांची शिस्त अशी : प्रभार लिहिताना आकडा आधी (२+), ऑक्सिडीकरण अंक लिहिताना चिन्ह आधी (+२). या लेखात तसंच लिहिलं आहे. दोन्ही एकच समजू नका. फेरस आयनात (लोखंडाच्या २+ आयनात) दोन्ही सारखे येतात, पण परमँगनेट आयनाचा प्रभार १− आहे आणि त्यातल्या मँगनीजचा अंक +७.

टप्पा २ : एक अभिक्रिया डोळ्यांनी पाहा

कागदावर जाण्याआधी हे एकदा कराच. लागेल ते एवढंच : काचेचा जुना ग्लास, साधा लोखंडी खिळा, पॉलिश पेपर आणि मोरचूद. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे. प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांच्या दुकानात थोडं मागितलं तरी मिळतं.

सावधान : मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, लहान मुलांपासून लांब ठेवा आणि वापरलेला ग्लास-चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

अर्धा ग्लास पाण्यात लहान चमचाभर मोरचूद विरघळवा. खिळा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. दुकानातल्या खिळ्यावर तेलाचा हात असतो, काहींवर जस्ताचा मुलामा असतो. तेल राहिलं तर थर डागाडागांनी चढतो आणि जस्त राहिलं तर तुम्ही लोखंडाची नव्हे, जस्ताची अभिक्रिया पाहत असता.

घासलेला खिळा पाण्यात अर्धा बुडवा. अर्धा बाहेर ठेवा, म्हणजे तुलना करता येते. थोड्याच वेळात बुडालेला भाग विटकरी दिसू लागतो. अर्ध्या तासाने खिळा बाहेर काढून कागदावर टेकवा, विटकरी भुगा कागदाला लागतो. निळा रंग लगेच जाणार नाही. बरेच खिळे टाकून ग्लास रात्रभर ठेवला तर तो उतरतो आणि पाणी फिकट हिरवट होतं.

दरवर्षी निदान चार वह्यांत मी वाचते : ‘खिळ्याला गंज चढला.’ तो गंज नाही. ते तांबं आहे, पाण्यातून बाहेर येऊन खिळ्यावर बसलेलं. गंज म्हणजे लोखंडाचं पाणीयुक्त ऑक्साइड, त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. इथे तांब्याच्या आयनाने लोखंडाचे इलेक्ट्रॉन घेतले.

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + कॉपर

सल्फेट आधीही सल्फेट, नंतरही सल्फेट. असे आयन नुसते बघे असतात. पुढे संतुलन करताना त्यांना बाजूला काढायचं आहे, म्हणून आत्ताच ओळखून ठेवा.

उरलेलं निळं पाणी झाडांना घालू नका, मोरीतही ओतू नका. निळा रंग पूर्ण जाईपर्यंत त्यात आणखी खिळे पडू द्या. तांबं खाली बसलं की गाळून मग टाका.

टप्पा ३ : प्रत्येक अणूवर ऑक्सिडीकरण अंक लिहा

सगळा खेळ या टप्प्याचा आहे. नियम पुढच्याच क्रमाने लावा. दोन नियमांत भांडण झालं तर वरचा जिंकतो, फक्त सातवा कधीच मोडत नाही.

१. मुक्त मूलद्रव्याचा अंक शून्य. ऑक्सिजन वायूत दोन अणू असोत की गंधकाच्या रेणूत आठ, अंक शून्यच.
२. एकाच अणूच्या आयनाचा अंक त्याच्या प्रभाराइतका.
३. संयुगात फ्लोरीन नेहमी −१.
४. सोडियम, पोटॅशियमसारखे पहिल्या गणातले धातू +१, मॅग्नेशियम, कॅल्शियमसारखे दुसऱ्या गणातले +२, ॲल्युमिनियम +३.
५. हायड्रोजन बहुधा +१. सोडियम हायड्राइडसारख्या धातूच्या हायड्राइडमध्ये −१.
६. ऑक्सिजन बहुधा −२. पेरॉक्साइडमध्ये −१.
७. सगळ्यांची बेरीज : रेणू असेल तर शून्य, आयन असेल तर त्याच्या प्रभाराइतकी.

पोटॅशियम डायक्रोमेट घ्या. त्यात दोन पोटॅशियम, दोन क्रोमियम, सात ऑक्सिजन. पोटॅशियमचे मिळून +२, ऑक्सिजनचे मिळून −१४. बेरीज शून्य यायला क्रोमियमचे मिळून +१२ हवेत. ते दोघांत वाटले तर प्रत्येकी +६. हा शेवटचा भागाकार विसरून ‘क्रोमियम +१२’ लिहिणारी मुलं दर चाचणीत असतात. अंक नेहमी *एका* अणूचा लिहायचा.

हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये वरचे नियम आधी लावा. हायड्रोजन दोन, मिळून +२. मग दोन ऑक्सिजनचे मिळून −२, प्रत्येकी −१. सवयीने −२ लिहिलंत तर बेरीज −२ येईल आणि चूक लगेच उघडी पडेल. म्हणूनच सातवा नियम प्रत्येक वेळी ताळा म्हणून वापरा.

अमोनियम नायट्रेट हा अवघड पेपरचा आवडता सापळा. यात नायट्रोजन दोन, मुलं सरासरी काढून +१ लिहितात. संयुग आधी दोन आयनांत फोडा. अमोनियम आयनात नायट्रोजन −३, नायट्रेट आयनात +५. एकाच संयुगातले दोन नायट्रोजन, स्वभावाने अगदी वेगळे.

ताळा : पुढे जाण्याआधी समीकरणाच्या दोन्ही बाजूंना, *प्रत्येक* अणूच्या डोक्यावर अंक आहे का? एकही रिकामा ठेवू नका. जो रिकामा राहतो तोच बहुतेक वेळा बदललेला असतो.

टप्पा ४ : अंक बदलला का, ते पाहा

आता डावी आणि उजवी बाजू शेजारी ठेवा. एकाही अणूचा अंक बदलला नाही तर ती रेडॉक्स नाही, भले समीकरणात ऑक्सिजन कितीही असो. निदान एकाचा वाढला आणि निदान एकाचा घटला तरच रेडॉक्स. फक्त वाढलेला सापडला आणि घटलेला नाही, तर अंक लिहिण्यात चूक आहे. टप्पा ३ कडे परत जा.

सगळ्यात जास्त मुलं जिथे घसरतात ते उदाहरण स्वयंपाकघरातलं आहे. तांबाकाट्यावरून आणलेला तांब्याचा हंडा काळवंडला की आजी कोकम किंवा चिंच लावून घासते आणि तो लखलखतो. ‘कॉपर ऑक्साइडमधला ऑक्सिजन गेला, म्हणजे क्षपण,’ असं मुलं ठामपणे लिहितात. अंक लावून बघा.

काळ्या कॉपर ऑक्साइडमध्ये कॉपर +२, ऑक्सिजन −२. आम्लाशी अभिक्रिया होऊन कॉपरचा क्षार आणि पाणी तयार होतं. क्षारात कॉपर +२, पाण्यात ऑक्सिजन −२. कोणीच हललं नाही. ही ऑक्साइड आणि आम्लाची साधी अभिक्रिया आहे, रेडॉक्स नव्हे. जी लाल झळाळी दिसते ती नव्याने बनलेली नसते. थर निघाल्यावर खालचं मूळ तांबं उघडं पडतं, एवढंच. तांबं काळं *पडणं* मात्र रेडॉक्स आहे : कॉपर ० वरून +२, ऑक्सिजन ० वरून −२.

आम्ल-आम्लारीचं उदासिनीकरण, सिल्व्हर नायट्रेटमध्ये मीठ घातल्यावर पडणारा पांढरा साका, चुनकळीवर पाणी ओतल्यावर उसळणारी उष्णता, यातही कोणाचा अंक बदलत नाही. उष्णता निघाली म्हणजे रेडॉक्स, असा काही नियम नाही.

टप्पा ५ : आता नावं द्या

अंक वाढला त्याचं ऑक्सिडीकरण झालं, घटला त्याचं क्षपण झालं. ज्याचं क्षपण झालं *तोच* ऑक्सिडक. ज्याचं ऑक्सिडीकरण झालं तोच क्षपणक. नाव दुसऱ्याला जे केलं त्यावरून पडतं, स्वतःला जे झालं त्यावरून नाही.

खिळ्याकडे परत या. लोखंड ० वरून +२, म्हणजे ऑक्सिडीकरण, म्हणून लोखंड क्षपणक. कॉपर +२ वरून ०, म्हणजे क्षपण, म्हणून ऑक्सिडक कॉपर आयन.

दोन बारीक गोष्टी, दोन्हींत गुण जातात. ऑक्सिडक लिहिताना सुटा अणू लिहू नका, तो ज्या पदार्थात आहे तो पदार्थ लिहा. ‘मँगनीज’ नव्हे, ‘पोटॅशियम परमँगनेट’. आणि ऑक्सिडक, क्षपणक दोन्ही *डाव्या* बाजूला असतात. उजव्या बाजूच्या पदार्थाचं नाव उत्तरात आलं की समजा घोळ झाला.

टप्पा ६ : अर्धअभिक्रियांनी संतुलन

फेरस आयन आणि परमँगनेट, आम्लधर्मी माध्यम. हे एक उदाहरण हाताने तीनदा लिहा, बाकीची आपोआप येतात.

आधी दोन भाग करा, एक ऑक्सिडीकरणाचा, एक क्षपणाचा. यांनाच अर्धअभिक्रिया म्हणतात.

फेरस(२+) → फेरिक(३+)
परमँगनेट(१−) → मँगनीज(२+)

पहिला भाग सोपा. अणू सारखे आहेत, प्रभारासाठी उजवीकडे १ इलेक्ट्रॉन.

दुसऱ्या भागात क्रम सोडू नका : मुख्य अणू, मग ऑक्सिजन, मग हायड्रोजन, मग प्रभार. मँगनीज दोन्हीकडे एकच. डावीकडे ४ ऑक्सिजन आहेत, म्हणून उजवीकडे ४ पाणी. त्यामुळे उजवीकडे ८ हायड्रोजन आले, म्हणून डावीकडे ८ हायड्रोजन आयन(१+). आता प्रभार : डावीकडे −१ आणि +८ मिळून +७, उजवीकडे +२. फरक पाचाचा. डावीकडे ५ इलेक्ट्रॉन.

परमँगनेट(१−) + ८ हायड्रोजन आयन(१+) + ५ इलेक्ट्रॉन → मँगनीज(२+) + ४ पाणी

ताळा : मँगनीजचा अंक +७ वरून +२, घट पाचाची. इलेक्ट्रॉनही पाचच. हे दोन आकडे वेगळ्या वाटेने आले आणि जुळले. जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका.

आता इलेक्ट्रॉन सारखे करा. फेरसचा भाग पाचाने गुणा आणि दोन्ही भाग जोडा.

५ फेरस(२+) + परमँगनेट(१−) + ८ हायड्रोजन आयन(१+) → ५ फेरिक(३+) + मँगनीज(२+) + ४ पाणी

शेवटचा ताळा प्रभाराचा. डावीकडे १० − १ + ८ = +१७. उजवीकडे १५ + २ = +१७. मुलं अणू मोजतात आणि थांबतात. अणू जुळूनही प्रभार चुकलेला असू शकतो, म्हणून दोन्ही मोजायचे. अंतिम समीकरणात एकही इलेक्ट्रॉन उरता कामा नये.

डायक्रोमेट असेल तर एक जास्तीचा खड्डा आहे. क्रोमियमचा अंक +६ वरून +३ होतो, म्हणून मुलं ३ इलेक्ट्रॉन लिहितात. पण एका डायक्रोमेटमध्ये क्रोमियम दोन आहेत, इलेक्ट्रॉन ६ लागतात. उजवीकडे क्रोमियम आयनापुढे २ लिहिणं हे पहिलं काम. ते केलं नाही तर पुढचं सगळं वाकडं जातं.

अल्कधर्मी माध्यमासाठी नवीन पद्धत शिकू नका. आम्लधर्मी असल्यासारखंच संतुलन करा, मग जितके हायड्रोजन आयन आले तितके हायड्रॉक्साइड आयन *दोन्ही* बाजूंना घाला. एका बाजूला त्यांचं पाणी होतं, जास्तीचं पाणी छाटा. परमँगनेटपासून मँगनीज डायऑक्साइड होतो ती अर्धअभिक्रिया अशी येते :

परमँगनेट(१−) + २ पाणी + ३ इलेक्ट्रॉन → मँगनीज डायऑक्साइड + ४ हायड्रॉक्साइड(१−)

दोन्हीकडे प्रभार −४. झालं.

टप्पा ७ : प्रयोगशाळेत हेच समीकरण

बारावीच्या प्रात्यक्षिकात परमँगनेटचं अनुमापन (टायट्रेशन) असतं : ब्युरेट या खुणांच्या नळीतून परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं आणि किती लागलं ते वाचायचं. वरचं समीकरण समजलं असेल तर तिथल्या सगळ्या सूचनांमागचं कारण दिसतं.

आम्ल म्हणून विरल सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचंच ऑक्सिडीकरण करतं आणि वाचन वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडक आहे, ते मध्ये लुडबुड करतं.

आम्ल कमी पडलं तर शंकुपात्रात तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइड. आठ हायड्रोजन आयन मिळाले नाहीत म्हणून मँगनीज +४ वरच अडकलं. असं झालं की ते वाचन टाकून द्या आणि पुन्हा करा.

ऑक्झॅलिक आम्ल असेल तर ते ६० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत गरम करा, थंडपणी ही अभिक्रिया फार मंद चालते. मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) मात्र गरम करू नका. त्यातलं फेरस हवेतल्या ऑक्सिजननेच फेरिक होऊ लागतं आणि वाचन कमी येतं. शेजारच्या टेबलावर बर्नर पेटलेला दिसला म्हणून आपलाही पेटवणारी मुलं मी पाहिली आहेत.

अभिक्रिया संपल्याचं रंगाने दाखवणारा वेगळा दर्शक लागत नाही. सगळं फेरस संपल्यावर पडलेला परमँगनेटचा पहिला जादा थेंब फिकट गुलाबी रंग देतो. तो साधारण ३० सेकंद टिकला की थांबा. गडद जांभळा येईपर्यंत वाट पाहिलीत तर अंत्यबिंदू केव्हाच मागे गेला. ब्युरेटमधला द्रव गडद असल्याने खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरची कडा वाचा, आणि सुरुवातीला, शेवटी दोन्ही वेळा तीच.

टप्पा ८ : दोन उदाहरणं स्वतः सोडवा

पहिलं चांदीचं. गणपतीआधी देवाची चांदीची भांडी काढली की काळी पडलेली असतात. तो थर सिल्व्हर सल्फाइडचा. हवेतला थोडासा हायड्रोजन सल्फाइड, ऑक्सिजन आणि चांदी यांच्यापासून तो बनतो. अंक लावा : चांदी ० वरून +१. मग घटला कोणाचा? गंधकाचा म्हणाल तर थांबा, तो आधीही −२ होता, नंतरही −२. घटला ऑक्सिजनचा, ० वरून −२, आणि त्याचं पाणी झालं. आता हीच भांडी ॲल्युमिनियम फॉइलवर, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात, फॉइलला टेकवून ठेवा. चांदी +१ वरून ०, ॲल्युमिनियम ० वरून +३. थर खरवडला जात नाही, त्यातली चांदी परत भांड्यावर येते. कोकम आणि तांब्याशी ताडून पाहा. दिसायला दोन्ही साफसफाई, पण इलेक्ट्रॉन हलले फक्त इथे.

दुसरं उदाहरण क्लोरीनचं. हे नीट वाचा, कारण यात धोका आहे. पाणी शुद्ध करताना त्यात क्लोरीन मिसळतात तेव्हा हायपोक्लोरस आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. क्लोरीन ० वरून एकीकडे +१, दुसरीकडे −१. एकाच मूलद्रव्याचं ऑक्सिडीकरण आणि क्षपणही. ऑक्सिडक आणि क्षपणक दोन्ही क्लोरीनच, आणि असं उत्तर लिहायला घाबरू नका.

ही अभिक्रिया उलटीही चालते. कपड्यांच्या पांढऱ्या ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट असतो, त्यात क्लोरीन +१. संडास धुण्याच्या आम्लात बहुधा हायड्रोक्लोरिक असतं, त्यात क्लोरीन −१. दोन्ही एकत्र ओतले की +१ खाली येतो, −१ वर जातो, दोघे शून्यावर भेटतात आणि शून्य अंकाचा क्लोरीन म्हणजे विषारी वायू. मुंबईतल्या घरांच्या लहानशा, एका झरोक्याच्या बाथरूममध्ये त्याला बाहेर जायला जागा नसते. एका वेळी एकच वापरा. एक वापरून झालं की भरपूर पाण्याने धुवून काढा, दुसरं त्या दिवशी नकोच. चुकून एकत्र झालेच आणि उग्र वास आला, तर पाणी ओतत, पुसत बसू नका. दार उघडं टाकून ताबडतोब बाहेर या, घरच्यांनाही बाहेर काढा. खोकला किंवा धाप लागली तर डॉक्टरकडे जा आणि काय काय मिसळलं ते सांगा.